बटन चार्जिंगवर होतं

"ओ बाई, जरा बाजूले सरका ना!"

मिरच्या उलटता उलटता रक्षा दचकली. नालवाडीतल्या त्या गच्चीवर तिच्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं. आई खाली, बाबा वर्ध्याला दुकानात. आणि आवाज तर अगदी कानाशी, चांगला दणदणीत पुरुषी. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाण्याच्या टाकीला टेकवून कोणीतरी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यावर पाटीएवढं सोलर पॅनेल बांधलेलं, बाजूला वाटीएवढा स्पीकर.

ती डब्यापुढे वाकली. डबा गप्प. ती सरळ झाली, एक पाऊल मागे सरली... तसा तो पुन्हा बोलायला लागला. "अरे चंद्रभान, त्या बाईले हटव बाप्पा, सगळा उजेड अडवून राह्य—" ती पुढे झाली आणि वाक्य मध्येच तुटलं.

तेव्हा तिचं लक्ष स्वतःच्या ओढणीकडे गेलं. खांद्यावर लाल ठिपका थरथरत होता.

आता ते दिवस असे होते, की दहा-वीस रुपयांचा लेझर पेन मिळायचा आणि टॉकीजबाहेरच्या टवाळ पोरांना तेवढंच काम असायचं. वर्ध्यातल्या झाडून सगळ्या पोरींना तो लाल ठिपका ठाऊक होता, आणि त्यावरचा उपायही. रक्षानं समोरच्या गच्चीवर उभा असलेला उंच, किडकिडीत मुलगा पाहून ठेवला, खाली उतरली, रस्ता ओलांडला आणि चप्पल हातात घेऊनच त्याच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उगवली.

"लाज नाई वाटत?"

मुलाच्या हातात टेलिफोनचा जुना रिसीव्हर होता. त्याची तार लाकडी ठोकळ्यावर बसवलेल्या लेझर पेनला जोडलेली. त्यानं आधी चपलेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी तुमच्यावर नाई, पॅनेलवर नेम धरून राह्यलो होतो. तुम्ही मधात आल्या."

"माझ्याच गच्चीवर मी मधात?"

"तुमच्या आईची, काकूंची परवानगी घेतली होती. चंद्रभान... माझा दोस्त... तोच तर डबा ठेवून आला. आता कुठं पळाला कोणास ठाऊक."

"काकूंची घेतली. माझ्या मिरच्यांची नाई घेतली."

तो हसला. हसताना खाली पाहायची सवय होती त्याला. रक्षानं चप्पल पायात घातली. रागावलेलं राहणं अवघड झालं होतं, आणि खरं सांगायचं तर हा बोलणारा डबा काय आहे ते कळल्याशिवाय तिचा पाय तिथून निघणार नव्हता. एम.एस्सी. फिजिक्सची विद्यार्थिनी ती. उजेडातून आवाज जातो हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण उजेडानं तिला 'बाजूले सरका' म्हटलं ते पहिल्यांदाच.

गजेंद्र मूळचा गिरडचा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि समोरच्या घरी खोली घेऊन राहत होता. हा डबा म्हणजे त्याचा नि चंद्रभानचा प्रोजेक्ट. इथे रिसीव्हरमध्ये बोललं की लेझरचा उजेड आवाजाच्या तालावर थरथरतो, पलीकडचं पॅनेल ती थरथर पकडतं आणि स्पीकर बोलतो. तार नाही, बिल नाही. आणि तेच पॅनेल दिवसा उन्हावर बॅटरी भरतं. स्पीकर त्याच बॅटरीवर.

"म्हणजे दिवसभर ऊन खाते आणि संध्याकाळी माझं ऐकते," गजेंद्र अभिमानानं म्हणाला.

"तुमचं ऐकण्यापेक्षा ऊनच खाल्लेलं बरं," रक्षा म्हणाली, आणि जिना उतरली. अर्ध्या जिन्यात हसू आलं ते तिनं ओढणीत दाबलं.

डबा गच्चीवरच राहिला. चंद्रभानला संध्याकाळची शिकवणी घ्यायची असायची, मग पलीकडून काय ऐकू येतं ते सांगायला कोणीतरी हवंच. ते कोणीतरी आपोआप रक्षा झाली. सुलोचनाबाईंना, म्हणजे तिच्या आईला, यात वावगं काही दिसलं नाही. दोन गच्च्यांच्या मधे अख्खा रस्ता, वर पोरगी अभ्यासाचंच काहीतरी करते आहे. आईला काय ठाऊक, तो रस्ता रोज थोडाथोडा अरुंद होत होता!

ते भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी वीज गेली की सगळी नालवाडी हातपंखे घेऊन ओट्यावर बसायची आणि महावितरणचा उद्धार करायची. रक्षा मात्र वीज जाण्याची वाट बघायची. कारण वीज असली की शेजारच्या ट्यूबलाईटींचा उजेड पॅनेलवर पडे आणि डब्यातून भुंग्यासारखी गुणगुण सुरू होई. वीज गेली की डबा स्वच्छ बोलायचा.

"हॅलो, एक, दोन, तीन. रक्षा, ऐकू येऊन राह्यलं का?"

तिला उत्तर देता येत नसे. उजेड एकाच बाजूनं जायचा. ऐकू आलं तर ओढणी उजव्या खांद्यावर, नाही आलं तर डाव्या, असं ठरलं होतं.

"आज जेवणात वांग्याची भाजी होती. खानावळवाल्याचं वांग्याशी काय वैर आहे माहीत नाई. रक्षा, हिरवा ड्रेस चांगला दिसते तुले... हे प्रोजेक्टमधलं नाई."

ओढणी डाव्या खांद्यावर गेली.

"नाई ऐकू आलं? बरं. हिरवा ड्रेस—"

ओढणी पुन्हा डाव्या खांद्यावर. त्यानं ते चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा तिला हसू आवरेना, तेव्हा गड्याला समजलं.

"मलेही बोलायचं आहे," दुसऱ्या दिवशी दुकानाजवळ भेटला तेव्हा ती म्हणाली. "तू बोलायचं नि मी खांदे हलवायचे, हा कोणता न्याय?" 'तुम्ही' केव्हा गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानं तिच्यासाठी दुसरा लेझर जुळवून दिला आणि आपल्या गच्चीवर तसाच दुसरा डबा ठेवला. मग काय विचारता! पण एक गोष्ट रक्षाला खटकायची. डब्याला बटन होतं. एकीकडे दाबलं की पॅनेल बॅटरी भरायचं, दुसरीकडे दाबलं की ऐकायचं. दोन्ही एकदम जमत नव्हतं. पोट भरणारा उजेड बोलत नाही आणि बोलणारा उजेड पोट भरत नाही, असं गजेंद्र म्हणायचा, आणि तेवढ्यावरच प्रोजेक्टचं घोडं अडलं होतं. दोन्ही एकाच वेळी झालं तर बक्षीस नक्की, नाहीतर नुसता खेळ.

"बॅटरीच्या वाटेत चोक लाव ना," ती एकदा म्हणाली. "उन्हाचा उजेड स्थिर असतो, तो चोकमधून निघून जाईन. तुझ्या आवाजाची थरथर तिथं अडन आणि स्पीकरकडे वळन."

"ट्यूबलाईटचा चोक?" तो खो खो हसला. "ही दुकानदारी झाली, इंजिनिअरिंग नाई."

प्रभाकररावांचं, तिच्या बाबांचं, विजेच्या सामानाचं दुकान होतं. तिला ते बोलणं लागलं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातला चांगला जड चोक उचलला आणि कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला. "हसून झालं असन तर लावून पाह्यजो."

महिना गेला. चोकचं काय झालं विचारलं की गजेंद्र म्हणे, "पाहू." आणि खाली पाहून हसे.

फेब्रुवारीत हिंगणघाटहून स्थळ आलं. सरकी-ढेपेचा मोठा व्यापार, मुलगा शिकलेला, माणसं सभ्य. नाव ठेवायला जागा नाही अशी स्थळं फार वाईट. येत्या रविवारी ते पाहायला येणार होते. प्रभाकररावांनी रात्रीचं ताट बाजूला सारलं आणि लेकीला समोर बसवलं.

"पोरी, तुह्या मनात कोणी असन तर सांग. मी काही वाघ नाई. रविवारच्या आधी सांगशीन तर त्याइले येऊ नका म्हणून कळवतो. त्याइले घरी बोलावल्यावर मग मले तोंडघशी पाडू नको."

रक्षाच्या ओठावर नाव आलं होतं. पण नाव तिच्या एकटीचं थोडंच होतं? हिरव्या ड्रेसबद्दल बोलणं वेगळं आणि तिच्या बापासमोर उभं राहणं वेगळं. गजेंद्रनं 'तू हवीस' असं कधी म्हटलंच नव्हतं. त्याच्याकडून एक शब्द यायला हवा होता. एकच. मग पुढचं सगळं ती निभावून नेणार होती.

"सांगते," ती म्हणाली. "रविवारच्या आधी सांगते."

गुरुवारी सुलोचनाबाई गिरडला निघाल्या. दर वर्षी एकदा टेकडीवरच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात चादर चढवून यायची, हा त्यांच्या माहेरचा शिरस्ता. रक्षा बरोबर गेली. गजेंद्र आणि चंद्रभान आदल्याच दिवशी आपल्या गच्चीवरचा डबा घेऊन गावी गेले होते. टेकडीवरून खाली गावापर्यंत आवाज पोहोचतो का, ही त्यांची शेवटची मोठी चाचणी होती. लेझर वर, डबा खाली गजेंद्रच्या घरच्या ओसरीवर.

दिवस कलला होता. दर्ग्याच्या आवारात लोभानाचा वास भरला होता, शेळ्या पायऱ्यांवर अंग टाकून बसल्या होत्या. चंद्रभाननं बरीच खटपट करून लेझर खालच्या ओसरीवर नेमका लावला. रिसीव्हरमध्ये "एक, दोन, तीन" म्हटलं. खाली ओसरीवर पांढरा टॉवेल हलला. ऐकू आलं.

"आता मी बोलते," रक्षा म्हणाली. "तू जरा आईजवळ जा. तिचे गुडघे दुखून राह्यले, तिले पाणी दे."

चंद्रभान गेला. ती एकटी उरली. खाली तो तिच्या करंगळीच्या नखाएवढा दिसत होता. इतक्या लांबून त्याचे डोळे दिसत नव्हते, म्हणूनच तर बोलायचं धाडस झालं.

"गजेंद्र... ऐक. हसू नको. रविवारी हिंगणघाटचे लोक मले पाहायले येऊन राह्यले. बाबा म्हणतात, मनात कोणी असन तर सांग. माह्या मनात तू आहेस. आजचा नाई, त्या मिरच्यांच्या दिवसापासून. तुले नोकरी नाई, मले घाई नाई, मी थांबीन. दोन वर्षं म्हण, चार म्हण. फक्त तू एकदा हो म्हण... मी आजच बाबांले सांगते. हो असन तर टॉवेल हलव."

तिनं रिसीव्हर छातीशी धरला आणि खाली पाहिलं.

टॉवेल हलला नाही.

ती पाहत राहिली. वाऱ्यानं ओढणी तोंडावर येत होती, ती बाजूला करकरून पाहत राहिली. ओसरीवरचा माणूस उठला, आत गेला, बाहेर आला, आणि मग टेकडी चढू लागला. एकेक पायरी, सावकाश. तिच्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"काय म्हणत होती ग? काहीच नाई आलं ऐकू. बटन चार्जिंगवर होतं. बॅटरी उतरली म्हणून दाबलं आणि मग विसरूनच गेलो."

रक्षाला आधी काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं! नकार नव्हता तर. नुसतं बटन होतं. पण पुन्हा सांगायचं कसं? एकदा सांगण्यातच सगळी हिंमत खर्ची पडली होती, आणि आता तो हातभर अंतरावर उभा होता, पलीकडून आई हाका मारत होती.

"काही नाई," ती म्हणाली. "एक, दोन, तीनच म्हणत होते. घरी गेल्यावर सांगते."

घरी गेल्यावर सांगायला तो होताच कुठे! प्रोजेक्टची घाई म्हणून होस्टेलवर मुक्काम हलवला, असं समोरच्या घरमालकीण काकूंकडून कळलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. समोरची गच्ची रिकामी. रविवारी हिंगणघाटची माणसं आली, पोहे खाल्ले, हसली, बोलली. रक्षा गप्प बसली आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ घरानं 'हो' असा घेतला. मुलीच्या जातीच्या मौनाचा दुसरा अर्थ आपल्याकडे कोणी लावत नाही. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली.

तरी तिला एक आधार होता. त्यानं ऐकलंच नाही, यात त्याचा काय दोष? नशिबानं बटन चार्जिंगवर राहिलं. ती नशिबाला बोल लावी आणि गजेंद्रला मनातल्या मनात माफ करून टाकी. असं माफ करणं फार गोड असतं, त्यात समोरचा माणूस चांगलाच राहतो.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी ती दुकानात बसली होती. चंद्रभान आला, घामानं निथळत.

"ताई, तुम्ही गजेंद्रले दिलता ना, तसाच अजून एक चोक द्या. बाहेरचे परीक्षक येऊन राह्यले, दुसरा सेट पाहिजे."

रक्षाचा हात फळीवरच थांबला. "चोक? तो लावला का त्यानं?"

"मंग! बक्षीस त्याच्यावरच तर भेटलं. भरणं आणि ऐकणं, दोन्ही संगंच. काय डोकं लावलं ताई तुम्ही! बटन तर केव्हाचंच काढून टाकलं. म्हणजे डब्यावर आहे आपलं दिसायले, आतून तार नाई त्याले."

"केव्हा काढलं?"

"गिरडच्या आधीच. गिरडले तोच डबा होता ना. गजेंद्र म्हणे, रक्षाले तिथंच सांगू, खूश होऊन जाईन पोट्टी. नाई सांगितलं का त्यानं?" चंद्रभान भाबडेपणानं हसला.

रक्षानं चोक काढून दिला, पुडकं बांधलं, सुतळी तोडली. तो गेल्यावर मात्र ती स्टुलावर बसून राहिली आणि गिऱ्हाइकानं दोनदा मागितलेला बल्ब तिला दिसेना.

संध्याकाळी गजेंद्र खोलीचं सामान न्यायला आला, तेव्हा ती रस्ता ओलांडून त्याच्या गच्चीवर गेली.

"ऐकलं होतं ना तू?"

त्यानं 'काय' असं विचारलं नाही. एवढा तरी प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

"ऐकलं."

"सगळं?"

"सगळं. एकेक शब्द." तो खाली पाहत होता, पण आज हसत नव्हता. "घाबरलो मी रक्षा. नोकरी नाई, घरी मोठी बहीण लग्नाची. तुह्या बाबासमोर कोणत्या तोंडानं येणार होतो? टॉवेल हातात होता माह्या. हात उचलला नाई."

"हात नाई उचलला, ते चालून गेलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला तसा तिनं तो आवरला नाही. "भेव मलेही होतं. वर येऊन म्हटलं असतं, मले भेव वाटते, तर मी तुह्यासाठी थांबले असते. पण तू बटन सांगितलं! माह्याच चोकनं ते बटन उडवलं आणि मलेच तेच बटन सांगितलं. मी रोज तुले माफ करून राह्यले होते, गजेंद्र!"

मग त्यानं मान वर केली. डोळे भरले होते.

"अजून साक्षगंध व्हायचं आहे ना? आत्ता येतो मी. तुह्या बाबाले सांगतो. माझं प्रेम आहे तुह्यावर, रक्षा. त्याइले काय म्हणायचं ते म्हणू दे."

इतकी चीड आली होती, तरी त्या एका वाक्यानं तिचं काळीज लकाकलं. माणसाचं मन असं निर्लज्ज असतं. "चल," ती म्हणाली.

दोघांनी रस्ता ओलांडला. प्रभाकरराव ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. दारात मांडवाच्या बल्ल्या येऊन पडल्या होत्या, आत बायकांचा गलका चालला होता. गजेंद्रला पाहून ते मनापासून हसले.

"ये, ये गजेंद्र. कुठं गायब झालता बाप्पा? बस. बोल, काय म्हणतं?"

गजेंद्र बसला नाही. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बल्ल्यांकडे. रक्षा खांबाजवळ उभी होती. प्रभाकररावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. त्यांनी पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, आणि ते काही आंधळे नव्हते.

"बोल ना," ते हळूच म्हणाले. "मी ऐकून राह्यलो."

"काका..." त्याची नजर पुन्हा बल्ल्यांकडे गेली. "काका, ते... पॅनेल न्यायचं होतं. गच्चीवरचं."

मग प्रभाकररावांनी पेपर उघडला.

"ने ना बाप्पा," ते म्हणाले. "तुहंच आहे."

रक्षाच वर गेली. तिनं टाकीजवळच्या डब्यावरचं पॅनेल सोडवलं, तार नीट गुंडाळली, ओल्या फडक्यानं काचेवरची धूळ पुसली आणि खाली आणून त्याच्या हातात दिलं. सुलोचनाबाईंनी आतून आवाज दिला, "गजेंद्र, चहा घेऊन जाजो रे!" आणि त्यानं खरोखर चहा घेतला, उभ्याउभ्याच, बशीत ओतून.

रक्षा समोर उभी होती. मेला आता तरी कप खाली ठेवेल, आता तरी तोंड उघडेल, असं तिला वाटत होतं. त्यानं कप ठेवला, "येतो काकू" म्हटलं आणि पॅनेल काखेत मारून फाटकातून बाहेर पडला. फाटकाची कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत ती त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होती. त्याच्या खोटं बोलण्यापेक्षा, त्याच्या भेकडपणापेक्षा, स्वतःच्या या वाट पाहण्याचीच तिला अधिक लाज वाटली. मग ती आत गेली आणि बायकांमध्ये मेंदीला हात पुढे करून बसली.